सातव्या नाण्याचा कस

तोळामासा हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. खरं नाव त्याच्या आईला माहीत होतं आणि आता रेशनकार्डाला माहीत आहे. तोळामासा म्हणायला कारणं दोन. एक म्हणजे त्याची प्रकृती. समोरच्या घरात कुणी फ्रिज उघडला की याला इकडे शिंक यायची. दुसरं म्हणजे त्याचा धंदा. सराफाच्या पेढीत मागच्या खिडकीखाली, एका बुटक्या टेबलाशी, चाळीस वर्षं तो कस लावत बसला. गिऱ्हाइकानं आणलेला दागिना काळ्या कसोटीच्या दगडावर घासायचा, जी सोनेरी रेघ उमटेल तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि रेघ किती टिकते ते बघून सोनं किती खरं ते सांगायचं. पुढे पेढीत मशीन आलं. मालक मशीनवरचा आकडा वाचायचे आणि मग हळूच तोळामाशाकडे बघायचे. त्यानं मान हलवली की आकडा खरा.

चाळीस वर्षं घासण्यात गेली की हाताला दुसरं काही सुचत नाही. हॉटेलात चमचा पुढे आला की हा आधी त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवणार. कुणाच्या नव्या दाराची कडी, कुणाच्या सुनेचं पैंजण, काही सुटायचं नाही. त्याची बायको असताना सांगायची, "आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा तासभर हा माझ्या कानाकडे बघत होता. मला वाटलं लाजतोय. निघताना म्हणाला, कानातलं अठरा कॅरट आहे, बावीसचे पैसे दिले असतील तर फसलात."

मी हे एवढं सांगू शकतो, कारण पेढीला लागून माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मध्ये लाकडी भिंत, भिंतीत एक झरोका. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला मी होतो.

तर या तोळामाशाचा जन्माचा वैरी एकच, त्याच्या ताईचा नवरा. भावोजी पोस्टमास्तर होते. शिक्का वाकडा पडला तर पाकीट पुन्हा समोर ठेवून त्याच्याकडे दुःखानं बघणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांना सोन्याच्या स्मृतिनाण्यांचा नाद लागला. टांकसाळ अधूनमधून कशाच्या ना कशाच्या आठवणीत नाणं काढते. कधी एखादी शंभरी, कधी एखादं धरण, कधी एखादा पक्षी. आरशासारखं चकचकीत नाणं, गोल पारदर्शक डबीत, डबी मखमलीच्या पेटीत, सोबत छापील प्रमाणपत्र. किंमत सोन्यापेक्षा दीडपट. भावोजींनी पंचवीस वर्षांत अशी सात घेतली. श्रीमंत नव्हते, म्हणून सातच.

दर रविवारी दुपारी तोळामासा ताईकडे चहाला जायचा आणि बरेचदा मलाही ओढून न्यायचा. आम्हाला फुकटचा खेळ. पेट्या टेबलावर मांडल्या जायच्या आणि हा सुरुवात करायचा.

"भावोजी, ही काय वस्तू आहे?"

"स्मृतिनाणं. जगात फक्त पाच हजार."

"वजन?"

"आठ ग्रॅम."

"मग ते आठ ग्रॅम सोनं आहे. बाकी एवढंच कळलं की टांकसाळीनं पाच हजार भोळी माणसं गाठली."

भावोजी शांतपणे बशीत चहा ओतायचे. "तुमचं म्हणजे, शालक, पत्राचं वजन करून आतला मजकूर सांगण्यातलं आहे. आम्हीही पत्रं वजन केली. तिकिटापुरती. पत्र वजनासाठी कुणी लिहीत नाही."

"जुनी नाणी निराळी, ते मी मानतो," तोळामासा म्हणायचा. "ती भाजी आणायला काढली होती. लोकांनी ती हरवली, झिजवली, पोरांनी गिळली. त्यातनं जे उरलं ते दुर्मिळ. तुमची ही जन्मतःच डबीत. पाच हजार काढली आणि पाच हजार कपाटात बसलीयत. एकही हरवायला तयार नाही. दुर्मिळ होणार कधी आणि कशी?"

"हरवायला माणसं लागतात," भावोजी म्हणायचे. "ती तुमच्यासारखी भरपूर आहेत."

याचा अर्थ तेव्हा आम्हा दोघांनाही कळला नव्हता. आम्ही हसलो होतो.

ताई आतून ओरडायची, "तुमचं झालं असेल तर माझा समुद्र काढा बाहेर, पुसून ठेवते."

समुद्र म्हणजे सातवी पेटी. त्याची कथा अशी. एका वर्षी नवराबायकोनं समुद्र बघायला जायचं ठरवलं होतं. ताईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पैसे बाजूला पडले, बॅग माळ्यावरून खाली आली. आणि त्याच महिन्यात टांकसाळीनं कुठल्याशा नव्या पुलाचं नाणं काढलं. नाणं कसलं, एक कमान आणि खाली तीन रेघा, रेघा म्हणजे पाणी. कुणालाच ते आवडलं नाही. भावोजींना आवडलं. बॅग परत माळ्यावर गेली. ताईनं भांडण केलं नाही, पण तेव्हापासून त्या पेटीला ती समुद्रच म्हणायची, आणि भावोजी तो शब्द आला की चष्मा पुसायला घ्यायचे. ते नाणं त्यांनी टांकसाळीच्या सीलबंद पिशवीतून कधी बाहेरही काढलं नाही. बाकी सहांचं कौतुक करायचे, सातव्याची पेटी नुसती उघडायचे आणि मिटायचे.

गेल्या वर्षी भावोजी गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही, शिक्का सरळ पडला.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी ताई पेढीवर आली. कापडी पिशवीत सात पेट्या. तोळामाशाच्या टेबलावर एकेक करून रचल्या. मी झरोक्याशी होतोच, पण माणूस समोर दिसावा म्हणून उठून पेढीत गेलो. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून, असं म्हणायचो मी तेव्हा.

"मुलगी लांब. ती काय या डब्या सांभाळणार," ताई म्हणाली. "विकायची घाई नाही. मला एकच सांग. पंचवीस वर्षं तुम्ही दोघं भांडलात, मी चहा करत राहिले. आता ते नाहीत, तू खोटं बोलणार नाहीस. हा माणूस शहाणा होता की खुळा?"

"ताई, ठेवून जा. नीट बघून सांगतो."

"नीट बघ. मला माझ्या समुद्राचा निकाल हवाय."

ती गेली. आता खरं तर बघायचं काय होतं? नाणी टांकसाळीची, बावीस कॅरट, प्रमाणपत्रावर छापलेलं. पण तोळामाशाला कागदावर बावीस लिहिलेलं म्हणजे कुणी सांगितलेली गोष्ट. त्यानं पहिली डबी उघडली, नाणं अंगठा आणि बोटात धरलं, दगडावर कड घासली. तेजाबाचा थेंब. रेघ जागची हलली नाही. दुसरं, तिसरं. प्रत्येक वेळी फोटोकडे बघून बोलावं तसा बोलत होता. "बघा भावोजी, सोनंच आहे. मी कधी नाही म्हटलं? पण सोनंच आहे."

सहा झाली. सातवी पेटी उघडली. पिशवीचं सील जसंच्या तसं. त्याचा हात थांबला.

"ही राहू दे," तो म्हणाला. "सहांत जे, तेच सातव्यात."

आणि मी म्हणालो, "का रे, अजून भावोजींना भितोस की काय?"

चेष्टेत म्हणालो. माझ्या तोंडाला ती सवयच आहे. त्याच्या हाताला घासायची आणि माझ्या जिभेला डिवचायची. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कात्री घेतली, पिशवी कापली, आणि पुलाचं नाणं काढून दगडावर घासलं. इतरांपेक्षा जरा जोरातच. कमानीच्या खालच्या कडेला ओरखडा उठला, आणि आरशासारख्या पाण्यावर तोळामाशाचा आख्खा अंगठा उमटला.

संध्याकाळी ताईला निकाल दिला. मीही होतो. तोळामासा म्हणाला, "ताई, सोनं चोख आहे. पण सोनंच आहे. वरचे पैसे पेटीचे आणि मखमलीचे."

ताई हसायला लागली. पदरानं डोळे टिपत म्हणाली, "म्हणजे समुद्र विकून मी मखमल घेतली. अहो, माझा नवरा म्हणजे... पाण्याशिवायचा पूल घेऊन आला."

चांगला विनोद होता. मी तो आठवड्याभरात आख्ख्या रस्त्याला सांगितला. पाण्याशिवायचा पूल. चहावाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत लोक हसले. पोस्टमास्तर तसे सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे जास्तच हसले.

पंधरा दिवसांनी माझ्याकडे एक गृहस्थ घड्याळाचा पट्टा बदलायला आले. जुनी नाणी विकायचा त्यांचा धंदा. पट्टा बदलून झाला तरी गप्पा संपेनात, म्हणून मी त्यांना शेजारी नेलं. म्हटलं, आमच्या तोळामाशाकडे त्याच्या ताईच्या सात पेट्या अजून पडून आहेत, एकदा तुम्हीही सांगून टाका. मला काय, पूल पुन्हा एकदा ऐकायचा होता.

नाणेवाल्यांनी सहा नाणी दोन मिनिटांत बाजूला केली. "हे सोनं. ही सगळी कपाटाकपाटांत पडलीयत. वितळवलीत तरी कुणी रडणार नाही." तोळामाशाची मान ताठ झाली. मग त्यांनी सातवं उचललं. भिंग काढलं. खिडकीकडे गेले. बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. आवाज असा, की मी नकळत माझे हात खिशात घातले.

"कस लावला," तोळामासा म्हणाला. "का?"

"अहो, पुलाचं नाणं आहे हे. कुणी घेतलंच नव्हतं. टांकसाळीनं उरलेली परत आटवली. ज्यांनी घेतली होती त्यांनी पुढे सोन्याचा भाव चढला तेव्हा मोडीत काढली. आता धड अवस्थेतलं बघायलाही मिळत नाही. सीलबंद असतं तर सोन्याच्या सहापट मोजायला माणसं रांगेत उभी राहिली असती."

"आणि आता?"

"आता?" त्यांनी ते जपून टेबलावर ठेवलं. जपण्यात आता काय अर्थ होता कोण जाणे. "आता सोनं आहे."

निघताना त्यांनी पेटीतली मखमल बोटानं उचलली. म्हणाले, लोक खाली पावती ठेवतात, पावती असली तर थोडं बरं. पावती होती. तिच्यामागे चौकोनी घडी केलेली एक चिठ्ठीही होती. पोस्टमास्तरांचं ते सरळ, ओळीवर बसलेलं अक्षर:

"हे नाणं उघडू नये. कुणीच उघडू नये, विशेषतः आमच्या शालकांनी. ते विकून हिला समुद्र दाखवायचा आहे."

नाणेवाले केव्हा गेले ते कळलं नाही. पट्ट्याचे पैसेही मी घेतले नाहीत.

तोळामासा बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "त्या वर्षी भाव चढला ना, तेव्हा लोक पुलाची नाणी मुठीमुठीनं घेऊन यायचे. मीच डब्या फोडल्या. मीच कस लावला. मीच मुशीत टाकायला दिली. चाळीसेक तरी असतील." अंगठा मुठीत मिटून म्हणाला, "भावोजी म्हणायचे ना, हरवायला माणसं लागतात. त्यांचं नाणं दुर्मिळ मी केलं. आणि तेही मीच घासलं."

मी म्हणालो, "हे बघ, आता ताईला सांगून काय होणार? झालेला निकाल झाला. म्हातारपणी तिच्या जिवाला कशाला घोर." ऐकायला किती समजूतदार वाटतं. यातला निम्मा समजूतदारपणा माझ्या स्वतःच्या कातडीसाठी होता.

मग सुरू झाले ते रविवार. मला विचाराल तर तसले रविवार शत्रूलाही येऊ नयेत. तोळामासा दर खेपेला बिस्किटांचा मोठा डबा न्यायचा. ताईच्या दाराची बिजागरी तेल घालून आला, नळ बदलून आला, तिच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणायचा. शेवटी तिनंच विचारलं, "तुला डॉक्टरांनी काही सांगितलंय का? इतका गोड तू तापातसुद्धा बोलत नाहीस."

पेढीवर निराळीच तऱ्हा. कुणी बाई डबीतलं नाणं घेऊन आली की हा दोन्ही हात मागे घ्यायचा. "उघडू नका. आधी घरी विचारा. घरातल्या माणसानं काही लिहून ठेवलंय का बघा." मालक वैतागले. कस लावणारा माणूस घासायला तयार नाही, म्हणजे न्हाव्यानं केसाला हात न लावण्यातलं झालं. त्यानं अंगठ्याचं ते वाढवलेलं नख कापून टाकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात मला साध्या माणसाच्या हातासारखा दिसला, आणि बघवेना.

आणि ताई हसत होती. तेच वाईट होतं. कुणी आलं की पाण्याशिवायचा पूल सांगायची. मुलीला फोनवर सांगितलं, "तुझे बाबा भोळे होते गं, पंचवीस वर्षं मखमल जमवली." पलीकडून मुलगीही हसली, ते आम्हाला ऐकू आलं. तोळामाशानं बिस्कीट तोंडाकडे नेलं आणि तसंच परत डब्यात ठेवलं.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर दाराशी रद्दीचा गठ्ठा. वर्तमानपत्रं नव्हेत, भावोजींच्या वह्या. कुठलं नाणं कधी निघालं, किती निघालं, कुठे किती उरलं असावं, सगळं त्या सरळ अक्षरात. सुतळीनं बांधून ठेवलेल्या.

"हे काय?" तोळामाशानं विचारलं.

"रद्दीवाला येतोय. खुळेपणाला आता किती दिवस जागा देऊ?"

तोळामासा त्या गठ्ठ्यावर बसला. अक्षरशः बसला, पाय जुळवून, पिशवी मांडीवर घेऊन, एखादा माणूस स्टेशनवर ट्रंकेवर बसतो तसा.

"अरे उठ, धूळ आहे, तुला शिंका येतील."

"ताई, ते खुळे नव्हते," तो म्हणाला आणि खरंच शिंकला. मग नाक न पुसताच सगळं सांगितलं. कात्री, दगड, अंगठा, नाणेवाले, सहापट. शेवटी चष्म्याच्या केसमधून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. इतके दिवस ती तिथेच होती, चष्मा नुसता खिशात हिंडत होता.

ताईनं चिठ्ठी लांब धरून वाचली. 'विशेषतः आमच्या शालकांनी' इथे ती हसली, ते मी पाहिलं. मग पुढची ओळ वाचली. चिठ्ठीची घडी घातली. पुन्हा उघडली.

"कधी कळलं तुला हे?"

"सव्वादोन महिने झाले."

"नाण्याचं जाऊ दे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "समुद्राचंही जाऊ दे. तू सव्वादोन महिने मला त्यांना हसू दिलंस. माझ्या पोरीला हसू दिलंस. बिस्किटं खात बसलास."

मला वाटलं आता उठावं, पाणी पिण्याच्या निमित्तानं आत जावं. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"आणि घड्याळवाले, तुम्ही? तुम्ही तर सदान्‌कदा त्याच्या टेबलाशी. तो पिशवी कापत होता तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

माझी ही जीभ, जी रस्त्यावरच्या चार दुकानांना पुरते, ती टाळूला चिकटली. वाक्य तयार होतं. साधं होतं. ताई, मीच म्हणालो त्याला, भितोस की काय.

"हे नव्हते तिथे," तोळामासा म्हणाला. "यांचं गिऱ्हाईक आलं होतं. मी एकटाच होतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मान हलवली. हो, गिऱ्हाईक आलं होतं.

ताईनं वह्या आत नेल्या. सुतळी तिनं कापली नाही, गाठ नखानं सोडवली. पुलाचं नाणं त्या ओरखड्यासकट डबीत घालून भावोजींच्या फोटोपुढे ठेवलं. बाकी सहा मात्र तिनं विकली, आणि तोळामाशालाच विकायला लावली. वितळवलेल्या सोन्याच्या भावात, कारण ती सोनंच होती. त्या पैशातून ती समुद्र बघून आली. भावाला तिनं नेलं नाही. एकटी गेली. आल्यावर तीन रविवार त्याला चहाला बोलावलं नाही. चौथ्या रविवारी बोलावलं, आणि बिस्किटं आणू नकोस म्हणाली. हल्ली पुन्हा भांडतात, पण आता भावोजींच्या बाजूनं ताई भांडते, वही उघडून, आणि तोळामासा हरतो. कधी खरंच हरतो, कधी मुद्दाम. मला फरक कळतो. दगडावर रेघ बघावी तसा मी चाळीस वर्षं त्याचा चेहरा बघत आलोय.

मला ती अजूनही मान देते. "घड्याळवाले, तुम्ही तरी त्या दिवशी तिथे असतात तर त्याला अडवलं असतंत," असं दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी चहाचा घोट घेतला. तोळामाशानं दोन्ही वेळा खिडकीबाहेर पाहिलं. त्यानंतर एकटे असताना मी त्याला म्हणालो, सांगून टाकतो. तो म्हणाला, "असू दे. घासलं माझ्या हातानं. तुझं नुसतं बोलणं होतं."

नुसतं बोलणं. आयुष्यभर दुसऱ्यांचं सांगत आलो, कुणाचं किती खरं ते चव्हाट्यावर घासून बघत आलो. स्वतःची वेळ आली तेव्हा गिऱ्हाईक आलं होतं.

ताईला वाचायची आवड आहे. छापलेलं काही हाती आलं तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, नवऱ्याची सवय लागलीय. म्हणून हे तिला तोंडावर सांगायला जमलं नाही ते इथे लिहिलं. पिशवी त्यानं कापली, ताई. पण थांबलेला हात मी हलवला. मी तिथेच होतो.